न ऐकता दिलेला शब्द

शुरूकनं विद्यापीठात आहारशास्त्र घेतलं तेव्हा तिच्या आत्याला वाटलं, पोरगी स्वयंपाक शिकायला निघाली. "त्याला चार वर्षं लागतात होय?" आत्या म्हणाली. "मी तर सासूच्या दोन टोमण्यांत शिकले." पुढं शुरूक संध्याकाळी बसनं घरी आली की जेवताना मीठ, साखर, तूप यांवर काही ना काही सांगायची. घरचे कौतुकानं ऐकायचे आणि ऐकता ऐकता भातावर आणखी तूप ओतायचे. त्यांचाही दोष नाही. आमच्या करक गावात मन्सफची परात पुढ्यात आल्यावर, भातावरच्या मेंढीच्या मांसावरून जमीदचा, म्हणजे वाळवलेल्या खारट दह्याचा, तो दाट रस्सा ओघळत असताना, यात मीठ किती असं विचारणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर राजधानीतून, अम्मानहून आलेला असतो.

शेवटच्या सत्रात तिला सरकारी इस्पितळात प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं मूत्रपिंडाच्या वॉर्डात तिला पहिल्यांदा वाटलं की आपण शिकलो त्याचा कुणाला तरी उपयोग आहे. तिथं तिला कुणी हसत नव्हतं. डायलिसिसवरच्या माणसाला मीठ आणि पाणी दोन्ही हात राखून द्यावं लागतं. चुकलं तर पाय सुजतात, छाती भरून येते, माणूस जातोसुद्धा. पदवी झाली की हेच काम करायचं, असं शुरूकच्या मनानं घेतलं. ती आरशापुढं उभी राहून मुलाखतीची तयारी करायची. "तुम्हाला हेच काम का करायचंय?" असं घोगऱ्या आवाजात स्वतःलाच विचारायची आणि उत्तर देताना स्वतःलाच लाजायची.

पण मुलाखत घेणार कोण, हा खरा प्रश्न होता. शुरूकच्याच घराच्या वरच्या मजल्यावर तिची चुलत बहीण हनादी राहायची. तीही आहारतज्ज्ञच. पदवी घेऊन तिनं सरकारी नोकरीच्या रांगेत नाव लावलं, त्याला इतकी वर्षं लोटली की मधल्या काळात तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि तिनं घरी वाढदिवसाचे केक करून विकायला सुरुवात केली. "लोकांना साखर सोडा म्हणायला शिकले," क्रीम फेटता फेटता ती म्हणायची, "आणि आता साखरेवरच घर चालवतेय. तू ये गं, तुला क्रीमची गुलाबं काढायला शिकवते." शुरूक हसायची. जिना उतरताना मात्र तिला त्या गुलाबांची भीती वाटायची.

त्या इस्पितळाच्या जेवणाचं कंत्राट मुफ्लिहकडं होतं. मुफ्लिह म्हणजे दरीतल्या मोठ्या घराण्यातला माणूस. गावात लग्न असो की मयत, परात त्याच्याच चुलीवरून येणार. एका बुधवारी दुपारी शुरूक इस्पितळाच्या तळघरात स्वयंपाकघरात गेली, तर आचारी नळाखाली शिजलेलं मांस धूत होता. आदल्या रात्रीच्या कुठल्याशा लग्नात उरलेला मन्सफ होता तो. वरचं जमीद धुऊन टाकायचं, मांस पुन्हा एक उकळी काढून घ्यायचं आणि मूत्रपिंडाच्या वॉर्डातल्या ताटांत बिनमिठाचं म्हणून वाढायचं, असा कारभार. शुरूकनं एक तुकडा तोंडात टाकला. मीठ पार आतपर्यंत मुरलेलं होतं.

"यातलं वर गेलं का?"

"केव्हाच गेलं," आचारी म्हणाला. "धुतलंय की! तुझ्या हातापेक्षा स्वच्छ आहे."

ती जिने चढत पळाली. बहुतेक ताटं तिनं रुग्णांच्या पुढ्यातून ओढून घेतली. भुकेल्या माणसाच्या पुढचं ताट उचललं की जेवढ्या शिव्या मिळायच्या तेवढ्या मिळाल्या. उम्म फव्वाज नावाच्या म्हातारीचं ताट मात्र रिकामं झालं होतं. म्हातारी बोटं चाटत होती. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिला अतिदक्षता विभागात हलवावं लागलं.

चौकशीला मंत्रालयाची समिती रविवारी येणार असं ठरलं. स्वयंपाकघरातले सगळे मुफ्लिहचे नोकर, त्यांना काही दिसलंच नव्हतं. शुरूकच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, "मी तर तेव्हा वर ऑफिसात होते." म्हणजे पाहणारी राहिली एकटी शुरूक. आपण काही धाडस करतोय असं तिच्या मनातही नव्हतं. पाहिलं ते सांगायचं, त्यात काय एवढं, असंच तिला वाटत होतं. घरी तिनं हे सगळं सांगितलंही होतं. वडिलांनी एका कानानं ऐकलं, "खाणाऱ्यांची पोटं बिघडली का? बरं बरं," म्हणाले आणि उठून गेले.

कारण वडिलांच्या, म्हणजे अबू नायेल यांच्या डोक्यात त्या दिवसांत एकच विषय होता, थोरल्या मुलाचा, नायेलचा पाय. दरीतल्याच एका पोरानं गाडी मागं घेताना नायेलला भिंतीशी दाबलं होतं, पाय मोडला होता. दरीवाल्यांनी रीतीप्रमाणं मुदत मागून घेतली होती. आता त्यांची जाहा येणार. जाहा म्हणजे एखाद्या वजनदार माणसाला पुढं घालून घराण्यातले सगळे पुरुष दारात येणार, पुढं आलेली कॉफी तशीच खाली ठेवणार आणि मागणं मान्य झाल्याशिवाय तिला तोंड लावणार नाहीत. पोलिसातली तक्रार मागं घ्या, हेच मागणं असणार होतं. अबू नायेल यांनी माफ करायचं केव्हाच ठरवून टाकलं होतं. पण नुसतं माफ करण्यात काय शान? न्हाव्याच्या खुर्चीत बसून ते म्हणाले, "मी त्यांना मागूसुद्धा देणार नाही. तोंड उघडायच्या आत म्हणेन, प्या कॉफी, दिलं! माझ्या आजोबांनी एकदा असाच खून माफ केला होता." न्हाव्यानं वस्तरा थांबवून वाहवा केली. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस सोन्यासारखा होता, फक्त वाहवा ऐकली की त्याला आपण ब्रिगेडियर झाल्यासारखं वाटायचं.

शुक्रवारी नमाजानंतर जाहा आली. उतारावर गाड्यांची रांग लागली. बैठकीत पुरुष मावेनात म्हणून अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या. आतल्या खोलीत आई, आत्या, हनादी आणि शुरूक दाराच्या फटीला कान लावून उभ्या. जाहेच्या पुढं खुद्द पाशा होते. तेही निवृत्त, पण ते खरोखरीचे ब्रिगेडियर. अबू नायेल एकेकाळी त्यांच्याच हाताखाली होते. पाशांनी कॉफीचा कप घेतला आणि ओठाला न लावता समोर ठेवला. त्यासरशी बैठकीतले सगळे कप खाली गेले.

"अबू नायेल," पाशा म्हणाले, "आम्ही तुमच्या दारी एक गरज घेऊन..."

"साहेब!" अबू नायेल ताडकन उभे राहिले. "तुमची पायधूळ माझ्या घराला लागली, एवढं मला बस आहे. तुम्ही मागायचं, मी ऐकायचं, मग द्यायचं, ही माझी नाचक्की होईल. ज्यासाठी आलात ते दिलं. न ऐकता दिलं. प्या कॉफी!"

बैठक दणाणली. "वा रे मर्दा!" "अल्लाह तुझं तोंड उजळ ठेवो!" "याला म्हणतात करकचा माणूस!" कप उचलले गेले. आत आईनं डोळे पुसले. शुरूकलाही अभिमानच वाटला, अगदी ऊर भरून आला.

पाशांनी रिकामा कप, आता पुरे म्हणून, हलवून परत दिला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "फार मोठं मन केलंत. विषय जरा नाजूक होता. विषय तुमच्या मुलीचा आहे."

आत आत्यानं शुरूकच्या दंडाला असा चिमटा काढला की काळानिळा डागच पडला. "मुलीचा! अगं बाई, मागणी आली!" आणि आई तिचं तोंड दाबायच्या आत आत्यानं जीभ वळवून लग्नघरातली ती लांबलचक किलकारी मारलीसुद्धा. बैठकीत एकदोघे गोंधळले. अंगणातून कुणीतरी "मुबारक, मुबारक" म्हणालं.

पाशा खाकरले. "लग्नाचं नाही. रविवारचं."

मग पाशांच्या तोंडून सगळं बाहेर आलं. मुफ्लिह आमचाच पोर. त्याच्या माणसांकडून हलगर्जी झाली, नाही म्हणत नाही. पण मुलीनं समितीपुढं 'पाहिलं' म्हटलं तर कंत्राट जाईल, तो तुरुंगात जाईल, त्याच्या जिवावर जगणाऱ्या घरांची चूल विझेल. म्हातारीच्या मुलांनी माफ केलंय, सकाळी तिकडं कॉफी पिऊनच इकडं आलो. "खोटं बोला असं आम्ही सांगत नाही," पाशा म्हणाले. "नीट पाहिलं नाही, एवढंच तिनं म्हणावं. नाहीतरी शिकाऊ पोर आहे. आणि मुफ्लिहला आहारतज्ज्ञ ठेवायचीच आहे. पदवी हातात पडली की दुसऱ्या दिवशी तिनं कामावर यावं. आमचीच मुलगी ती."

"आणि," अबू नायेल यांचा आवाज एवढासा झाला होता, "नायेलच्या पायाचं?"

"तो विषय वेगळा. त्यासाठी पुढल्या शुक्रवारी पुन्हा येतो."

अबू नायेल उभेच होते. त्यांनी तेव्हा 'थांबा, मला हे माहीत नव्हतं' म्हणायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणून बघा. सगळं गाव अंगणात बसलंय, कप रिकामे झालेत, आणि समोर तुमचे जुने साहेब आहेत. प्यायलेली कॉफी आमच्याकडं परत मागता येत नाही.

"साहेब," ते म्हणाले, "दिलं म्हणजे दिलं." आणि खाली बसले.

गाड्या गेल्या तशी शुरूक बैठकीत आली. वडील तिथंच बसले होते, रिकाम्या खुर्च्यांकडं बघत. ती काही बोलायच्या आत ते उठले, म्हणाले, "बकऱ्यांना पाणी दाखवून येतो," आणि मागच्या दारानं गेले. बकऱ्यांना पाणी पाजून तास झाला होता.

"आई, माझ्या तोंडचा शब्द त्यांनी कसा दिला?" शुरूकनं विचारलं.

"त्यांना काय माहीत होतं? पायाचं असेल असंच वाटलं ना सगळ्यांना."

"मग तसं सांगायचं."

"सांगायचं! सगळ्या बैठकीसमोर?" आईनं कप गोळा करता करता तिच्याकडं पाहिलं. "तुझ्या बापाकडं काय आहे गं? जमीन आहे? दुकान आहे? त्यांच्याकडं त्यांचा शब्द आहे. तेवढ्यावर लोक त्यांना खुर्ची देतात. ती काढून घे म्हणजे झालं."

हनादीनं तिला वर नेलं, केकचा कापून उरलेला तुकडा पुढं ठेवला आणि सरळ मुद्द्यावर आली. "नोकरी घे."

"हनादी!"

"हनादी काय? नोकरी चालत घरी आलीय. मी इतकी वर्षं वाट बघतेय, माझ्या दारात एकसुद्धा पाशा आला नाही."

"आणि उद्या ते पुन्हा नळाखाली मांस धुतील तेव्हा?"

"तेव्हा तू तिथं असशील. धुऊ देऊ नकोस. रविवारी खरं बोलून घरी बसलीस तर तिथं कोण असेल? कुणी नाही. मग ते खुशाल धुतील." हनादीनं बोट चाटलं. "तुझं खरं बोलणं कुणाच्या ताटात वाढणार आहेस?"

आई खोटं बोलत नव्हती आणि हनादीही नाही. शुरूक अंथरुणात पडून छताकडं बघत राहिली. बोललं तर बाप जातो. गप्प राहिलं तर म्हातारीनं भोगलं ते फुकट गेलं, आणि आपण आरशापुढं उभं राहून जे काही म्हणत होतो तेही गेलं. कपाटात चुकून कोंडल्या गेलेल्या मांजरासारखी तिची गत झाली होती. बाहेरचे सगळे आवाज ऐकू येत होते आणि दार आतून उघडत नव्हतं. तिला वडिलांचा राग आला. मग रागाची लाज वाटली. मग लाजेचाही राग आला.

शनिवारी सकाळी ती इस्पितळात गेली. मनात एक चोरटी आशा होती. म्हातारी आणि तिची मुलं खरंच मोकळ्या मनानं माफ करत असतील, तर आपण कोण लागून गेलो?

उम्म फव्वाज शुद्धीवर होती. हातांना नळ्या, ओठांना भेगा पडलेल्या. शुरूकला ओळखून ती म्हणाली, "तूच ना ती, ताटं पळवणारी?"

"हो, मावशी. तुमच्यापर्यंत पोचायला उशीर झाला."

"पाणी दे."

"देता येत नाही, मावशी." शुरूकनं कापूस भिजवून तिचे ओठ ओले केले. म्हातारीनं डोळे मिटून तो कापूस चोखायचा प्रयत्न केला.

"माझ्या मुलांनी माफ केलं म्हणे," ती म्हणाली. "कॉफी प्यायले सगळे. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही बहुतेक माफच केलं असतं, कशाला उगाच? पण विचारायचं तरी." मग ती जरा हसली. "तुला विचारलं का?"

"नाही."

"बघ." म्हातारीनं तिचा हात धरला. हात सुजून गुळगुळीत झाला होता. "एक सांगू? मला कळलं होतं. पहिल्याच घासाला कळलं, मीठ आहे म्हणून. वर्ष झालं गं पोरी, जिभेला मीठ लागलं नाही. माती खाल्ल्यासारखं खाते. त्या दिवशी घास घेतला आणि वाटलं, माझ्या नवऱ्याच्या घरी बसलेय. म्हणून गप्प राहिले आणि सगळं खाल्लं. तेव्हा मुफ्लिहलाच कशाला सुळावर द्यायचं, माझाही वाटा आहे."

शुरूक बाहेर येऊन जिन्यात बसली. तिला हवी होती ती पळवाट म्हातारीनं स्वतःच्या हातानं उघडून दिली होती. तिनंच खाल्लं, जाणूनबुजून खाल्लं. 'नीट पाहिलं नाही' म्हणायला आता काय हरकत होती? पण जिन्यात बसल्या बसल्या तिला रडू फुटलं. म्हातारीला कळलं होतं, कारण तिला चव कळत होती. पुढच्या ताटावर ज्याला ताप असेल, ज्याची जीभ गेलेली असेल, त्याला कळणार नव्हतं. असल्या माणसासाठीच तर शुरूकनं चार वर्षं घातली होती.

संध्याकाळी अबू नायेल ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करत होते. कालपासून त्यांनी तिच्याशी शब्द काढला नव्हता, न्हाव्याकडंही गेले नव्हते. शुरूक त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"बाबा, उद्या मी काय सांगू?"

ब्रश चालूच राहिला.

"बाबा, तुम्ही सांगाल ते करीन. 'पाहिलं नाही म्हण' असं तुम्ही माझ्या तोंडावर सांगा, मी म्हणेन. फक्त तुम्ही सांगा."

हे ती प्रामाणिकपणे बोलली होती. आणि या माणसाला आपण आणखी कोंडीत पकडतोय, हेही तिला कळत होतं. अबू नायेल यांनी बूट खाली ठेवला, दुसरा उचलला. त्यांचा चेहरा एका दिवसात वाळला होता.

"सकाळी मी तुझ्याबरोबर येतो," ते म्हणाले. "एकटी नको जाऊस." आणि ब्रश फिरवत राहिले.

रात्रभर शुरूकनं त्या वाक्याचे अर्थ लावले. बरोबर येतात म्हणजे पहारा करायला येतात, असंच शेवटी तिनं धरलं.

रविवारी त्यांनी इस्त्रीचा कोट घातला, लाल चौकड्यांचा रुमाल डोक्यावर नीट बसवला, त्यावर काळं कडं. जुन्या पिकअपमधून दोघं निघाले. इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर, संचालकांच्या खोलीबाहेर बाकावर पाशा, मुफ्लिह आणि दरीतली मोठी माणसं आधीच येऊन बसली होती. अबू नायेल दिसताच सगळे उठले. "या, या, अबू नायेल! इकडं, मधे बसा." मुफ्लिहनं त्यांच्या खांद्याचं चुंबन घेतलं. शुरूककडं बघून तो म्हणाला, "काय आमच्या डॉक्टरीणबाई! तुमच्यासाठी टेबल बनवायला टाकलंय मी." तो हसतमुख माणूस होता. वाईट दिसत असता तर बरं झालं असतं.

आत तिघे जण होते. मधोमध डॉक्टर लमीस नावाच्या अम्मानच्या बाई, समोर फाईल, बाजूला थंड झालेला चहा. नाव, वर्ग, प्रशिक्षण कधीपासून, सगळं विचारून झालं.

"त्या बुधवारी तुम्ही स्वयंपाकघरात गेला होता. तिथं काय पाहिलंत?"

शुरूकच्या तोंडात 'नीट' हा शब्द तयार होता. नीट पाहिलं नाही. तीन शब्द. बाहेर बापाचं सगळं आयुष्य त्या बाकावर मधोमध बसलं होतं. डॉक्टर लमीस थांबल्या.

"मांस धूत होते," शुरूक म्हणाली. आवाज स्वतःचा वाटेना. "शिजलेलं. नळाखाली. मन्सफचं होतं, जमीद चिकटलेलं दिसत होतं. मी तुकडा चाखला. खारट होता. मी विचारलं तेव्हा आचारी म्हणाला, ताटं वर गेली."

"नीट पाहिलंत?"

"अगदी नीट पाहिलं."

एकदा सुटल्यावर मग ती थांबली नाही. सगळं सांगून झाल्यावर डॉक्टर लमीस यांनी चष्मा काढला. "तुम्ही काही बोलू नये म्हणून कुणी धमकी दिली का?"

"धमकी नाही दिली. मागणं केलं."

"कुणी?"

"ते नाही सांगणार मी," शुरूक म्हणाली. "ते आमच्या घरी पाहुणे होते."

ती खोलीचं दार उघडून बाहेर आली. बाकावरची सगळी तोंडं तिच्याकडं वळली. वडिलांकडं बघायचं तिचं धाडस झालं नाही. तिनं पाशांच्या बुटांकडं पाहिलं.

"काय सांगितलंस, पोरी?" पाशांनी विचारलं. आवाज मऊच होता.

तिनं नजर बुटांवरून हलवली नाही. त्यातच सगळं आलं. मुफ्लिहच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. कुणीतरी जीभ टाळ्याला लावून चुकचुकलं. तेवढ्यात अबू नायेल उठले आणि तिच्या आणि बाकाच्या मधे येऊन उभे राहिले.

"मी सांगायला सांगितलं तेच तिनं सांगितलं," ते म्हणाले.

शुरूकनं मान वर केली. त्यांनी तिला काहीच सांगितलं नव्हतं. एक शब्दही नाही.

"काय म्हणताय, अबू नायेल?" पाशा म्हणाले.

"पोर ऐकत होती, साहेब. बापाचा शब्द राखते म्हणाली. काल ओट्यावर बसून मला म्हणाली, सांगाल ते करीन. मीच म्हटलं, नाही, पाहिलंस ते सांग." हवालदार सावधान उभे होते, हात शिवणीला. "शब्द मी दिला आणि मी मोडला. तिच्यावर बोल नको. काय तोंड काळं करायचं ते माझं करा."

"तुम्ही आमच्यासोबत कॉफी प्यायलात," मुफ्लिह म्हणाला.

"प्यायलो."

पाशांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि भिंतीकडं बघायला लागले. बाकीच्यांनीही भिंतीकडं पाहिलं. अबू नायेल यांनी रुमालाचं टोक सारखं केलं आणि निघताना म्हणाले, "सलाम अलैकुम."

कुणी उत्तर दिलं नाही. सलामाला उत्तर शत्रूसुद्धा देतो. अबू नायेल जिन्याच्या तोंडाशी थांबले, जणू ऐकू गेलं नसेल म्हणून, आणि पुन्हा जरा मोठ्यानं म्हणाले, "सलाम अलैकुम." मग थोडा वेळ वाट पाहून जिना उतरायला लागले. शुरूकनं मागून त्यांचा कोट धरला, लहानपणी बाजारात धरायची तसा, आणि त्यांनी तो धरू दिला.

गाडीत बसल्यावर ते किल्ली लावायला लागले. दोनदा चुकली. त्यांनी ती काढून तिच्या हातात दिली आणि पलीकडच्या बाजूला सरकले. शुरूक वळसा घालून चालकाच्या जागी बसली. पुढल्या शुक्रवारी आता कुणी येणार नव्हतं, त्यानंतरच्याही नाही. न्हाव्याच्या दुकानातली खुर्ची गेली, मुफ्लिहचं टेबल गेलं, या गावात तिला नोकरी कोण देणार होतं? आणि अम्मानला निघून जावं म्हटलं, तर या माणसाला असं एकटं टाकून आता ती जाणार कशी होती? तिला 'बाबा, माफ करा' म्हणायचं होतं, आणि 'खोटं का बोललात' असंही विचारायचं होतं.

अबू नायेल काचेबाहेर बघत होते.

"ती म्हातारी," ते म्हणाले. "काय नाव तिचं?"

"उम्म फव्वाज."

"वाचेल का गं ती?"

"माहीत नाही, बाबा," शुरूक म्हणाली आणि गाडी सुरू केली.